पैनगंगेच्या पात्रात बर्फाचे ओरखडे

लेखमाला : खडकवाटा – भाग सातवा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलपासून समुद्र कुठल्याच दिशेला जवळ नाही. सरळ रेषेत मोजलं तर बंगालचा उपसागर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आणि अरबी समुद्र सातशेच्या वर. उमा नदीचं पाणी वैनगंगेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि शेवटी उपसागरात पोहोचतं खरं, पण त्या पाण्यामागे माणसं काही जात नाहीत. किनाऱ्याची पायवाट आणि लाटांनी कोरलेले खडक पाहायचे, तर इकडचा माणूस अख्खा महाराष्ट्र ओलांडून हरिहरेश्वर गाठतो. ओहोटीची वेळ साधून प्रदक्षिणामार्गावर उतरतो, जाळी पडलेला काळा कातळ बघतो, फोटो काढतो आणि दोन दिवसांचा प्रवास करून परत येतो.

हरिहरेश्वरचा तो कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. चंद्रपूर जिल्ह्यात त्याच्या पंधरापट जुन्या समुद्राचा तळ उघड्यावर पडला आहे. त्यावर चालता येतं आणि सकाळी मूलहून निघालेला माणूस रात्री घरी जेवायला परत येऊ शकतो.

पहाटेची एसटी अजयपूर, चिचपल्लीच्या जंगलातून ४५ किलोमीटर काटत चंद्रपूरला येते. तिथून धानोरा-भोयगावच्या रस्त्याने वर्धा नदीचा पूल ओलांडला की कोरपना तालुका लागतो. डोळे उघडे ठेवले तर खडकांचा धडा बसच्या खिडकीतच सुरू होतो. मूलकडे धानाच्या बांध्या आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. वर्धेपलीकडे काळी माती, पऱ्हाटी आणि तूर. पूर्वेला सावली, सिंदेवाही आणि गडचिरोलीच्या बाजूला जमिनीखाली बव्हंशी अतिप्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस आहे. असा कठीण दगड पाणी पोटात फारसं घेत नाही, म्हणून तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते वरच अडवलं. पश्चिमेला चुनखडी आणि बेसाल्ट आहे, आणि बेसाल्ट झिजून झालेली काळी माती ओल धरून ठेवते. भाताचा चांदा आणि कापसाचा चांदा (चांदा हे चंद्रपूरचंच जुनं नाव) ही विभागणी शेतकऱ्याने केली, पण ती आधी खालच्या दगडाने सुचवली होती.

पैनगंगा वर्धेला मिळते त्या संगमाच्या जवळ, पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे. चंद्रपूर शहराला लागून वाहणारी इरई नदी वेगळी आणि हे गाव वेगळं, ही गल्लत चांगल्या चांगल्या लेखांत झालेली आहे. संगमावरचं वढा हे गाव विदर्भातल्या वारकऱ्यांना माहीत आहे, कार्तिकात तिथे यात्रा भरते. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांना मात्र इरई माहीत आहे, आणि तेही दीडशे वर्षांपासून.

नदीकडे जाणारी पांदण वावरांमधून उतरते. पाणी कमी असतं त्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, पात्राचा बराच भाग कोरडा पडतो आणि रेतीच्या पट्ट्यांमधून खडक डोकं वर काढतो. हा खडक चुनखडीचा. थर पातळ आणि नेटके. रंग राखाडी, काही ठिकाणी तांबूस किंवा तपकिरी. भूगर्भशास्त्रज्ञ याला ‘चांदा चुनखडी’ म्हणतात आणि तिचा समावेश ‘पैनगंगा गट’ या खडकसमूहात करतात. वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास.

या चुनखडीचा कण इतका बारीक की बोटाला खरखर जाणवत नाही. ही बारकाईच पहिला पुरावा आहे. किनाऱ्याजवळ लाटा पाणी ढवळत असतात, तिथे जाड रेती आणि गोटे साचतात. लाटांचा हात पोहोचत नाही अशा खोल आणि शांत पाण्यात मात्र चुन्याचा चिखल वर्षानुवर्षं एकावर एक बसत जातो. म्हणजे इथे पाय ठेवणारा माणूस त्या समुद्राच्या किनाऱ्यावर नव्हे, त्याच्या तळावर उभा असतो. किनाऱ्याकडचा वाळूचा दगडही याच गटात आहे, चुनखडीच्या खाली, आणि त्याला ‘प्राणहिता वालुकाश्म’ असं नाव आहे. आधी उथळ किनारा आणि मग त्यावर खोल पाणी, हा क्रम म्हणजे समुद्र जमिनीवर चढत आल्याची नोंद. याच चुनखडीच्या पट्ट्यात पलीकडे आदिलाबादच्या बाजूला मँगनीजचे थर सापडतात. तेही समुद्राच्या पाण्यातूनच खाली बसलेले.

शिंपले शोधायच्या नादी मात्र कुणी लागू नये. शंभर कोटी वर्षांपूर्वी शिंपला करणारा जीवच पृथ्वीवर नव्हता. मासे नव्हते, खेकडे नव्हते, जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. समुद्रात होते ते बहुतेक डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव आणि शैवालं. मुंबईच्या किंवा कोकणातल्या किनाऱ्याची सवय असलेल्या माणसाला हा समुद्र अगदीच ओसाड वाटला असता.

इथवर पाहिलं ते कोरपन्यात किंवा राजुऱ्यात इतरत्रही दिसतं. इरईची खरी गंमत चुनखडीच्या वर आहे.

थर संपतात तिथे त्यांच्यावर एक वेगळाच राडा बसलेला दिसतो. हिरवट, मळकट, चिखलाचा दगड आणि त्यात हरतऱ्हेचे गोटे रुतलेले. मुठीत मावणारे आणि दोन माणसांना न हलणारे, एकाच चिखलात शेजारी शेजारी. ग्रॅनाइटचे, नाइसचे, गारगोटीसारख्या क्वार्टझाइटचे, खालच्या चुनखडीचेही. नदी असं करत नाही. नदी दगडांची वर्गवारी करते. वेग असेल तिथे मोठे गोटे टाकते, पुढे लहान, त्यापुढे रेती आणि सगळ्यात शेवटी गाळ. लहान-मोठं काही न बघता सगळं एकत्र आणून एकाच ठिकाणी ओतायचं काम निसर्गात प्रामुख्याने एकच गोष्ट करते, ती म्हणजे बर्फ.

आणि त्या राड्याखालून नुकताच उघडा पडलेला चुनखडीचा पृष्ठभाग पाहिला की शंका उरत नाही. तो गुळगुळीत घासलेला असतो आणि त्यावर एकमेकांना समांतर अशा सरळ रेघा असतात. काही केसासारख्या, काही बोट बसेल अशा खोल. शेकडो मीटर जाडीची हिमनदी आपल्या वजनाने हळूहळू सरकते, तेव्हा तिच्या तळात गोठलेले दगड सुताराच्या रंध्याच्या पात्यासारखे खालच्या खडकावरून फिरतात. रेघा ज्या दिशेला, त्या दिशेने बर्फाची चाल. वरच्या राड्यातले गोटे हातात घेऊन फिरवले तर त्यांच्याही एक-दोन बाजू सपाट घासलेल्या आणि ओरखडलेल्या सापडतात. ज्याने घासलं तोही घासला गेला.

मे महिन्यात जिथे पारा ४७ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, त्या चंद्रपुरात हिमनदी होती, हे पचायला आजही जड जातं. १९ व्या शतकात तर ते धाडसाचंच विधान होतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ ची. थॉमस ओल्डहॅम तिचे पहिले प्रमुख. १८५६ मध्ये विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे भाऊ आणि विल्यम थिओबाल्ड असे तिघे ओडिशातल्या तालचेरच्या कोळसापट्ट्यात काम करत होते. कोळशाच्या खाली त्यांना असाच बारीक चिखलात अडकलेल्या मोठ्या गोट्यांचा थर सापडला आणि हे बर्फाचं काम असावं असं त्यांनी लिहून टाकलं. युरोपातही हिमयुगाची कल्पना तेव्हा नवीच होती. तिथे लोक निदान आल्प्स दाखवू शकत होते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला ओडिशात बर्फ कुठून आणायचा? गोटे वाहत्या हिमखंडांनी आणले असतील, नदीकाठचा बर्फ असेल, अशा पळवाटा निघाल्या. पळवाट बंद करायला गोटे पुरेसे नव्हते. ज्यावरून बर्फ सरकला तो खालचा खडक हवा होता.

तो इरईला मिळाला. सर्वेक्षणातले फ्रान्सिस फेडन यांनी पैनगंगेच्या पात्रातल्या घासलेल्या, ओरखडलेल्या चुनखडीचं वर्णन १८७५ मध्ये सर्वेक्षणाच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये प्रसिद्ध केलं. गोटा वाहून येऊ शकतो, पण जमिनीत पक्का असलेला खडक कुठून येणार? त्याच्यावरची रेघ त्याच जागी पडलेली असली पाहिजे. तालचेरच्या गोट्यांनी सुरू झालेल्या वादात चांद्याच्या चुनखडीची साक्ष म्हणून मोलाची ठरली, आणि पुढे भारताच्या भूगर्भशास्त्रावरच्या पाठ्यपुस्तकांमध्ये इरईचं नाव कायमचं गेलं.

चंद्रपूरच्या शाळांमध्ये ते किती शिकवलं जातं, हा प्रश्न इथे विचारून ठेवायला हरकत नाही. ताडोबाच्या वाघांची नावं तोंडपाठ असलेल्या जिल्ह्यात या दगडाला ओळख नसावी, ही गोष्ट खटकते.

आता जिथे चुनखडी संपते आणि गोट्यांचा राडा सुरू होतो, त्या रेषेवर थोडं थांबायला हवं. दिवसभराच्या चालण्यात सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. खालची चुनखडी शंभर कोटी वर्षांच्या आसपासची. वरचा हिमनदीचा राडा २९-३० कोटी वर्षांचा. मधली ७० कोटी वर्षं कुठे गेली? त्या काळात इथे काही साचलं असेल तर ते नंतर झिजून गेलं. वहीतली पानं फाडलेली आहेत, आणि फाडलेल्या जागेवर एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे ठेवून उभं राहता येतं. अशा जागेला शास्त्रात विसंगती म्हणतात.

जगातली सगळ्यात प्रसिद्ध विसंगती स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकार पॉइंट इथे आहे. १७८८ मध्ये जेम्स हटन हे दोन मित्रांना घेऊन होडीतून तिथे गेले. उभ्या थरांच्या खडकावर जवळजवळ आडवे तांबडे थर बसलेले पाहून पृथ्वीचं वय बायबलच्या हिशोबात बसणारं नाही, हे त्यांनी मित्रांना दाखवून दिलं. आज जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ तीर्थाला जावं तसे तिथे जातात. कड्यावरून वाट आहे, माहितीचे फलक आहेत. तिथल्या दोन खडकांमधला काळाचा खड्डा साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. पैनगंगेतला त्याच्या दसपट मोठा. अर्थात मोठेपणा सगळं काही नसतो. सिकार पॉइंटला ते कोन डोळ्यांत भरतात आणि हटन यांच्यासारखा माणूस तिथे आधी पोहोचला. पण वढ्याच्या यात्रेकरूंना नकळत केवढं मोठं दुसरं तीर्थ शेजारी आहे, हे सांगायला ही तुलना उपयोगी पडते.

बर्फ आला कुठून, या प्रश्नाचं उत्तर यायला इरईनंतर पन्नासहून अधिक वर्षं वाद चालला. ओरखडे एकट्या भारतातच सापडले असते तर काहीतरी सबब काढता आली असती. पण त्याच वयाचे ओरखडे आणि तसाच गोट्यांचा राडा दक्षिण आफ्रिकेत निघाला, ऑस्ट्रेलियात निघाला, दक्षिण अमेरिकेत निघाला. सगळ्या खंडांवर, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, एकाच वेळी हिमनद्या पसरायच्या तर अख्खी पृथ्वी गोठायला हवी होती. तसं झाल्याचं दिसत नव्हतं, कारण त्याच काळात युरोप आणि अमेरिकेत उष्ण दलदलीची जंगलं वाढत होती. १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने वेगळंच सुचवलं. पृथ्वी गोठलेली नव्हती, खंड हललेले आहेत. हे सगळे भूभाग एकमेकांना चिकटवून दक्षिण ध्रुवाभोवती ठेवले की विखुरलेले ओरखडे एका मोठ्या हिमप्रदेशाचे तुकडे म्हणून जुळतात. वेगेनर यांना हयातीत फारसं कुणी मानलं नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावरच त्यांचा अंत झाला. खंड कसे हलतात याची यंत्रणा समजून त्यांना मान्यता मिळाली ती १९६० च्या दशकात.

त्या एकत्र दक्षिण भूभागाला आज जग गोंडवाना म्हणतं. सर्वेक्षणातल्या मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातल्या या खडकांसाठी गोंडांच्या प्रदेशाचं नाव सुचवलं, आणि १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ते अख्ख्या हरवलेल्या खंडाला दिलं. चांदा ही गोंड राजांची राजधानी. तिच्यापासून काही कोसांवर त्या खंडाच्या हिमयुगाचा ठसा आहे.

याच बर्फाने घासलेला एक किनारा आज खरोखर समुद्रकाठी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहराच्या दक्षिणेला हॅलेट कोव्ह नावाची खाडी आहे. तिथे कड्याच्या माथ्यावर तसाच घासलेला, रेघा पडलेला खडक आहे. राल्फ टेट या प्राध्यापकाने तो १८७७ मध्ये ओळखला, म्हणजे फेडन यांच्या लेखानंतर दोनच वर्षांनी. तिथेही गोष्ट तीच. खाली साठेक कोटी वर्षांचा, वळ्या पडलेला समुद्री खडक, त्यावर साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाच्या रेघा आणि दूरच्या ग्रॅनाइटचे गोटे. फरक इतकाच की तिथे संरक्षित उद्यान आहे, किनाऱ्याने लाकडी पायवाट आहे, आणि ओरखड्यांवरून कुणी चालू नये अशी सूचना आहे. शनिवार-रविवारी शहरातली कुटुंबं मुलांना घेऊन येतात. दक्षिण आफ्रिकेत किम्बर्लीजवळ नोइटखेदाख्त इथे तर याच हिमयुगाने गुळगुळीत केलेल्या खडकावर तिथल्या आदिवासींच्या पूर्वजांनी प्राण्यांची आणि नक्षीची चित्रं कोरली आहेत. बर्फाने पाटी पुसून ठेवली, त्यावर माणसाने लिहिलं. इरई, हॅलेट कोव्ह आणि नोइटखेदाख्त आज तीन खंडांवर आहेत. रेघा पडल्या तेव्हा ती एकाच भूभागातली ठिकाणं होती.

पात्रात उतरणाऱ्याने दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ओरखडे बघायची वेळ सकाळची किंवा उन्हं कलल्यावरची. सूर्य डोक्यावर आला की बारीक रेघा दिसेनाशा होतात, तिरप्या उजेडात त्यांची सावली पडते आणि नुसत्या डोळ्यांना त्या उठून दिसतात. प्रत्येक रेघ हिमनदीची नसते, हेही खरं. बैलगाडीच्या लोखंडी धावेची रेघ असते, रेती काढणाऱ्या जेसीबीच्या दातांची असते. त्या ताज्या, पांढुरक्या आणि वेड्यावाकड्या असतात. खरी खात्री तेव्हाच, जेव्हा रेघ वरच्या पक्क्या राड्याखाली शिरताना दिसते. तिथे जेसीबी गेलेला नसतो. गोल खळगा दिसला तर तो नदीचा. भोवऱ्यात सापडलेला गोटा एकाच जागी फिरून फिरून खडकात रांजणखळगा करतो. अशा खळग्यांसाठी कुकडी नदीवरचं निघोज प्रसिद्ध आहे. नदी गोल काम करते आणि बर्फ सरळ.

शिवाय नदी दरवर्षी पात्र बदलते. एका पुरात रेती वाहून जाऊन खडक उघडा पडतो, पुढच्या पुरात तो हातभर रेतीखाली जातो. त्यामुळे गेल्या साली पाहिलेली रेघ यंदा त्याच जागी दिसेलच असं नाही. डोहाजवळ जाण्याआधी काठावरच्या ढिवर बांधवांना विचारावं, कारण पात्र त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

या खडकाची एक अडचण आहे आणि ती कुणाच्या निष्काळजीपणाने आलेली नाही. ओरखडे २९ कोटी वर्षं टिकले ते चिखलाखाली झाकलेले होते म्हणून. नदीने चिखल धुऊन काढला तेव्हाच ते आपल्याला दिसले, आणि तेव्हापासूनच ते पुसायलाही लागले. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते चुनखडी विरघळवतं. ग्रॅनाइटवर पडलेली रेघ उन्हापावसात हजारो वर्षं टिकू शकते. चुनखडीवरची बारीक रेघ त्या मानाने फार लवकर जाते. फेडन यांनी जो पृष्ठभाग पाहिला तो आज तसाच असण्याची शक्यता कमीच. वरचा राडा जिथे नव्याने सुटतो तिथेच ताज्या रेघा मिळायच्या. म्हणून या जागेला कुंपण घालून चालत नाही. हॅलेट कोव्हचा उपाय इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. दर दोन-चार पुरांनंतर येऊन नव्याने उघडं पडलेलं मोजायचं, त्याचे फोटो आणि नकाशे करून ठेवायचे, हेच त्याचं जतन. हे काम महाविद्यालयाचा भूगोल विभागही करू शकतो. त्याला मोठा निधी लागत नाही, दोन दिवसांची सहल लागते.

दुपारची शिदोरी झाली की चालायची दिशा वरच्या थरांकडे, म्हणजे पुढच्या काळाकडे.

बर्फ वितळू लागला तेव्हाचा खडक हिरवट शेल. हाताने दाबला तर पेन्सिलीसारखे लांबट तुकडे पडतात, म्हणून त्याला सुईशेल असंही म्हणतात. वितळलेल्या पाण्याच्या शांत तळ्यांमध्ये हा गाळ साचला. बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी वाढली आणि मध्य भारतात काही ठिकाणी खारं पाणी पुन्हा आत शिरलं. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला हसदेव नदीच्या काठी त्याच काळातले समुद्री शिंपले दगडात सापडतात. ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. सकाळी इरईला न मिळालेले शिंपले ज्यांना हवेच असतील, त्यांनी तिकडे जावं.

त्यानंतर आलं जंगल. थंड हवेतलं, दलदलीचं, आणि त्यात जिभेच्या आकाराच्या पानांचं एक झाड फार बोकाळलेलं. ग्लोसोप्टेरिस. वर्धा खोऱ्यातला कोळसा मुख्यतः अशाच वनस्पतींचा. हे झाडही खंड जोडलेले असल्याची साक्ष देतं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते. उपासमार चालू असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिसच्या पानांचे ठसे होते. अंटार्क्टिकाच्या त्या दगडातलं आणि चंद्रपूरच्या कोळशातलं जंगल एकाच कुळातलं.

जंगलं जगात सगळीकडे होती, कोळसा सगळीकडे झाला नाही. इथे झाला, कारण वर्धा-प्राणहिता-गोदावरीचं हे खोरं दोन्ही बाजूंच्या भ्रंशांमध्ये खचत गेलं. जमीन खाली जात राहिली, झाडं गाळाखाली गाडली जात राहिली, आणि झीज होऊन वाहून जाण्याऐवजी सगळं आत दबून राहिलं. इरईचा राडा आणि त्यावरचा कोळसा टिकला तो या खचण्यामुळेच. पूर्वेला ग्रॅनाइटच्या प्रदेशात हे सगळं साचलं असलं तरी कधीच धुऊन गेलं.

संध्याकाळी परतताना या सगळ्याचा आजचा बाजार दिसतो. एकीकडे गडचांदूर, आवारपूर, उपरवाही आणि नारंडा इथल्या सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या, दुसरीकडे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळसाखाणींचे ओबीचे, म्हणजे कोळशावरून उकरून टाकलेल्या माती-दगडांचे डोंगर, आणि त्यांच्यापलीकडे २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी साधारण १४५० अंशांपर्यंत तापवतात आणि त्यासाठी कोळसा जाळतात. शंभर कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ आणि २७-२८ कोटी वर्षांपूर्वीचं जंगल एकाच भट्टीत जातं. चुनखडी भाजली जाताना समुद्राने त्या काळी हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा बाहेर पडतो, भट्टीतून निघणाऱ्या एक टन क्लिंकरमागे अर्ध्या टनाच्या आसपास, आणि त्यात जळणाचा धूर अजून धरलेला नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल या दोन खडकांवर चालते, त्यामुळे नाक मुरडून भागणार नाही. पण दोन्ही दगड टनावर मोजले जातात आणि त्यांच्या मधल्या रेषेला कुणी मोजत नाही, एवढं म्हणायला जागा आहे. त्या रेषेवर कोळसाही नसतो आणि सिमेंटचा मालही नसतो, त्यामुळे निदान आजवर तिच्या वाट्याला कुणी फारसं गेलेलं नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.

खाणींच्या ओबीच्या ढिगांत पानांचे ठसे मिळतात म्हणून कुणी परस्पर तिकडे वळू नये. ढीग सुटे असतात, घसरतात, आणि विनापरवाना प्रवेशाला मनाई आहे. पानं पाहायची तर महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या संग्रहात विचारावं. पात्रातला गोटा किंवा रेघ असलेला तुकडाही उचलून आणू नये. जागेवरून हलला की त्याची साक्ष संपते आणि घरी तो नुसता दगड होतो.

भोयगावहून चंद्रपूर आणि तिथून मूलची बस धरायची तर उन्हं उतरायच्या आत पात्रातून निघालेलं बरं. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, पाठीवर उजेड घेऊन बघायला एक साधं भिंग आणि जाड तळाचे बूट असले की पुरे. ओल्या चुनखडीवर चपला फार घसरतात.

पुढच्या आठवड्यात वरोरा तालुक्यातलं पिसदुरा. तिथे डायनोसॉरची वाळलेली विष्ठा दगड होऊन पडलेली आहे. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी ती तपासली, तेव्हा तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष निघाले आणि गवत डायनोसॉरनंतर आलं ही जुनी समजूत मोडली. त्या गवतात भाताच्या कुळातलं गवतही होतं, त्यामुळे मूलच्या धानवाल्यांनी तो भाग चुकवू नये.